बाळाचे चपटे डोके आणि हेल्मेट : गोलाई येते कुठून?

बाळाचे डोके मागून चपटे दिसत असेल तर वेळ न दवडता हेल्मेट बसवून घ्या, अशा जाहिराती अलीकडे नव्या आईबाबांच्या फोनवर वारंवार येऊ लागल्या आहेत. पुण्यातल्या घरांत त्याच वेळी दुसरा सल्लाही मिळत असतो : तुळशीबागेतून मोहरीची उशी आणा आणि मालिश करणाऱ्या बाईंना डोके दाबून गोल करायला सांगा. दोन्ही सल्ल्यांमागे समज एकच, की डोक्याला आकार बाहेरून दाबून द्यायचा असतो. कवटी वाढते कशी हे नीट पाहिले, तर हा समज टिकत नाही.

नवजात बाळाची कवटी एकसंध नसते. ती अनेक सपाट हाडांची बनलेली असून त्यांच्यामध्ये तंतुमय ऊतीच्या शिवणी असतात. आपण जिथे टाळू भरतो, ती अशा काही शिवणी एकत्र येण्याची जागा. जन्मताना डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि वर्षाअखेरीस तो सुमारे ४६ सेंटिमीटर होतो. यातली जवळजवळ निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. ही वाढ कवटी स्वतःहून करत नाही. आतला मेंदू वाढतो, त्याच्यावरचे आवरण ताणले जाते, तो ताण शिवणींपर्यंत पोहोचतो आणि तिथल्या हाड घडवणाऱ्या पेशी कडांवर नव्या हाडाची भर घालतात. त्याच वेळी हाडाच्या आतल्या पृष्ठभागावरून थोडे हाड झिजवले जाते व बाहेरच्या पृष्ठभागावर नवे चढते, त्यामुळे वाढत्या घेराला साजेशी वक्रताही जुळून येते. वेलीवरचा भोपळा ज्या बाजूने जमिनीला टेकतो त्या बाजूने चपटा राहतो, तसेच सतत एकाच कुशीला वळलेल्या डोक्याचे होते : टेकलेल्या जागी वाढ अडते आणि मोकळ्या दिशांना वळते. म्हणून उजवीकडे मागे चपटेपणा असलेल्या बाळाकडे डोक्याच्या वरून पाहिले, तर उजवा कान पुढे सरकलेला आणि कपाळाची उजवी बाजू किंचित पुढे आलेली दिसते. डोक्याची बाह्यरेषा समांतरभुज चौकोनासारखी होते. मेंदूला जागा कमी पडत नाही, ती फक्त वेगळ्या दिशेने मिळते. त्यामुळे चपटे डोके म्हणजे मंद बुद्धी, या समजुतीला आधार नाही.

हेल्मेटही दाबत नाही. बाळाच्या डोक्याचे स्कॅन घेऊन कडक प्लास्टिकचे कवच व आत फोमचे अस्तर बनवतात. ते फुगीर भागांना नुसते टेकते आणि चपट्या भागासमोर पोकळी सोडते. वाढता मेंदू कवटीला त्या मोकळ्या जागेकडे नेतो, आणि डोके वाढेल तसे अस्तर आतून तासत जातात. हे दिवसाचे तेवीस तास, काही महिने घालावे लागते. सारे काम वाढीकडूनच होत असल्यामुळे वर्षानंतर त्याचा फारसा उपयोग राहत नाही. जाहिरातींतल्या घाईत तथ्य आहे ते एवढेच.

पण हीच वाढ हेल्मेटशिवायही काम करत असते. नेदरलँड्समध्ये पाच-सहा महिन्यांच्या, मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या ८४ बाळांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना हेल्मेट दिले, निम्म्यांना दिले नाही. दोन वर्षांच्या वयात आकार पूर्ण सुधारलेली बाळे हेल्मेटच्या गटात सुमारे २६ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे २३ टक्के होती, म्हणजे लक्षणीय फरक नव्हता. हेल्मेटच्या गटातल्या सर्वच पालकांनी त्वचेची जळजळ, घाम, वास यांसारखा काही ना काही त्रास नोंदवला. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हा विचार आधी करायला हवा. मान आखडलेली बाळे या चाचणीत नव्हती, हेही खरे. आणि कूस बदलूनही चपटेपणा बराच राहिला तर हेल्मेट द्यावे, असे अमेरिकेतील मेंदूशल्यतज्ज्ञांची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. माझ्या मते अशी बाळे थोडीच, आणि बाकीच्यांना जागेपणी, कोणाच्या तरी नजरेसमोर, पोटावर खेळवणे व पाळण्यातली डोक्याची दिशा आलटूनपालटून बदलणे पुरेसे ठरते.

झोपेत मात्र बाळाने पाठीवरच असावे. १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी बाळाला पालथे न झोपवण्याचा सल्ला दिल्यानंतर तिथे चपटी डोकी वाढली, पण तान्ह्या बाळांचे झोपेतले अकस्मात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. डोक्याला आकार देणाऱ्या उशांमुळे बाळ गुदमरू शकते, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला आहे, आणि मोहरीच्या उशीलाही तो तितकाच लागू होतो.

हेल्मेटचा विचार करण्याआधी बालरोगतज्ज्ञांनी दोन गोष्टी हाताने तपासायला हव्यात. बाळ एकाच बाजूला मान वळवत असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो आणि तिथे फिजिओथेरपी लागते. दुसरी गोष्ट विरळा, पण गंभीर : साधारण दोन ते अडीच हजार बाळांत एकाची एखादी शिवण वेळेआधी जुळून येते. मागची शिवण जुळली असेल तर तिथे बोटाला हाडाची उंच कड लागते आणि त्या बाजूचा कान पुढे जाण्याऐवजी मागे ओढलेला दिसतो. जुळलेली शिवण हेल्मेटने उघडत नाही, त्यासाठी शस्त्रक्रियाच करावी लागते.