आजारपणाची पगारी रजा: निम्म्याचा हिशेब

सरकारी कचेरीत ‘त्यांनी मेडिकल टाकलीय’ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. पण महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 उघडले तर साध्या आजारासाठी ‘मेडिकल’ असं वेगळं खातं सापडत नाही. तिथे आहे ती अर्धवेतनी रजा. सेवेच्या दर वर्षाला 20 दिवस, 1 जानेवारीला 10 आणि 1 जुलैला 10 असे जमा होणारे, आणि नावाप्रमाणे निम्म्या पगाराचे. डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडलं की तीच रजा ‘परिवर्तित’ होते. पगार पूर्ण मिळतो, खात्यातून मात्र दुप्पट दिवस जातात.

टायफॉइडने 10 दिवस घरी राहिलेल्या लिपिकाचं उदाहरण घ्या. त्याच्या पगारात कपात दिसत नाही, पण सेवापुस्तकातल्या रजेच्या हिशेबात 20 दिवस वजा झालेले असतात. वर्षभराची कमाई एका टायफॉइडात संपली. म्हणजे 20 दिवसांची आजारपणाची रजा पूर्ण पगाराने मोजली तर 10 दिवसांचीच. ‘परिवर्तित’ या शब्दामुळे हे चटकन लक्षात येत नाही. नोकरी स्वतःहून सोडली तर परिवर्तित रजा पुन्हा अर्धवेतनी धरून फरक वसूल होतो. प्रकृतीमुळेच नोकरी सोडावी लागली असेल तर वसुली नाही. शिल्लक संपलेल्यासाठी अनर्जित रजा आहे. ती न कमावलेली, पुढच्या कमाईतून फेडायची, थोडक्यात उसनवारीची. (किरकोळ रजेचा विनोद वेगळाच. नियमांच्या भाषेत ती रजाच नाही, त्या दिवशी माणूस कामावर असल्याचं धरलं जातं.)

हा ‘निम्मा’ आला कुठून? इंग्रजांच्या काळात, 1922 पासून, सरकारी नोकरांना लागू झालेल्या मूलभूत नियमांत दोन गोष्टी ठसठशीत लिहिल्या होत्या: रजा कमावली जाते ती फक्त कर्तव्यावर असताना, आणि रजा हक्क म्हणून मागता येत नाही. सरासरी वेतनावरची आणि अर्ध्या सरासरी वेतनावरची रजा हे भेदही त्याच वळणाचे. साहेब गेला, पण तो हिशेब राहिला. श्रमिक पत्रकारांसाठी 1955 चा कायदा झाला तेव्हा वैद्यकीय प्रमाणपत्रावरची रजा सेवाकाळाचा अठरावा भाग ठरली, आणि तीही अर्ध्या पगाराने. 365 ला 18 ने भागून पाहा: वीसच दिवस येतात. औषधविक्री प्रतिनिधींच्या 1976 च्या कायद्यातही तोच अठरावा भाग आणि तोच अर्धा पगार. बँकेतली रजा वर्षाला 30 दिवसांची, पण मुळात तीही अर्धवेतनीच. पूर्ण पगार दिला तर माणूस आजारीच पडून राहील, ही शंका या सगळ्या आकड्यांच्या मुळाशी असावी.

गिरणगावात तर निम्म्याचीही सोय नव्हती. तिथे आजारी माणसाच्या जागी बदली उभा राहायचा. पहाटे भोंग्याआधी गिरणीच्या दारात बदलीवाल्यांचा घोळका असे. कायम कामगार आला नाही की त्याचा साचा, म्हणजे माग, त्या दिवसापुरता दुसऱ्याच्या हाती, आणि मजुरीही त्याच्याच खिशात. ताप अंगावर काढून खात्यात जाणं ही मर्दुमकी नव्हती, साचा हातचा जाऊ नये म्हणून केलेली खबरदारी होती. मुंबईत प्रसूतीच्या भत्त्याचा कायदा 1929 मध्ये आला, आजारपणाचं मात्र बरंच पुढे रेंगाळलं. 1944 मध्ये आरोग्य विम्याची योजना सरकारपुढे ठेवली गेली, तिच्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा झाला. 1952 मध्ये कानपूर-दिल्लीला सुरुवात झाली, आणि नागपूर व मुंबईत तो लाभ 1954 मध्ये पोचला.

या कायद्याने आजारपणाचे पैसे मालकाच्या मर्जीतून काढून वर्गणीला जोडले. सहा महिन्यांच्या काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली की नंतरच्या सहामाहीत हक्क तयार होतो. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये कामी येते. लाभ आता सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. आजाराचे पहिले दोन दिवस सहसा बिनपैशांचे जातात. 600 रुपये रोज असलेला कामगार 9 दिवस आजारी पडला तर 7 दिवसांचे 420 प्रमाणे 2,940 रुपये हातात येतात. जुलै 2019 पासून वर्गणी कामगाराची 0.75 टक्के आणि मालकाची 3.25 टक्के. बदलीवाल्याच्या हाती साचा जाईल म्हणून धास्तावलेल्या कामगाराच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट पैशांपलीकडची: हा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही.

मर्यादा मात्र पगाराची आहे. जानेवारी 2017 पासून ती 21,000 रुपयांवर थांबली आहे. दुकानात किंवा ऑफिसात 22,000 वर काम करणारी मुलगी विम्याबाहेर पडते, आणि राज्याचा दुकाने व आस्थापनांचा 2017 चा कायदा तिला आजारपणाची वेगळी रजा देत नाही. तिला मिळतात वर्षाला 8 किरकोळ रजा, तिमाहीने जमा होणाऱ्या आणि डिसेंबरअखेर बुडणाऱ्या. शिवाय 240 दिवस भरले तर पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा. डेंग्यू झाला तर दिवाळीला गावी जायची रजा त्यातच खर्ची पडते.

या 240 दिवसांत एक खोच आहे, आणि ती कारखाना कायद्यापासून चालत आलेली. हे दिवस मोजताना ले-ऑफ (काम नाही म्हणून मालकाने घरी बसवलेले दिवस), प्रसूती रजा आणि आदल्या वर्षी कमावून घेतलेली रजा हे दिवस काम केल्यासारखे धरले जातात. आजारपणाचे दिवस त्या यादीत नाहीत. क्षयाने तीन महिने अंथरुणाला खिळलेल्या कामगाराला विम्याचे पैसे मिळतात, पण 240 चा पल्ला हुकला तर पुढच्या वर्षीची पगारी रजाही जात असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या नव्या कायद्यांनी, 240 चे 180 केले, त्यामुळे अशा माणसाला आता पल्ला गाठणं बरंच सोपं झालं. यादीत प्रसूती रजा 26 आठवड्यांपर्यंत वाढवली आहे. आजारपण मात्र तिथेही घातलेलं नाही.