एमजीबी घरच्या गॅरेजात पुन्हा बांधता येते, त्यामागचा इतिहास

पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मोटार घरच्या गॅरेजात पूर्ण सुटी करून, गंजलेले पत्रे कापून काढून ती पुन्हा रस्त्यावर आणणे बहुतेक गाड्यांच्या बाबतीत एकट्या माणसाच्या आवाक्यातले नसते. इंजिन उघडून दुरुस्त करता येते, सीटची कव्हरे नव्याने शिवून घेता येतात. काम अडते ते कुजलेल्या बॉडीपाशी आणि बाजारातून नाहीशा झालेल्या सुट्या भागांपाशी. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे तसे झाले नाही. याचे कारण काही अंशी तिच्या घडणीत आहे, पण त्याहून अधिक ते तिचे उत्पादन थांबल्यावर घेतल्या गेलेल्या एका शहाण्या निर्णयात आहे, असे मला वाटते.

एमजी ही मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरे. विल्यम मॉरिस यांच्या ऑक्सफर्डमधल्या या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात मॉरिसच्या साध्या गाड्यांवर देखण्या बॉडी चढवून विकायला सुरुवात केली आणि १९२९ मध्ये कारखाना जवळच्या ॲबिंग्डनला हलला. रोजच्या वापरातल्या गाड्यांचे भाग घेऊन त्यांतून स्पोर्ट्स कार घडवण्याची त्यांची रीत पुढेही टिकली. सप्टेंबर १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन एमजीची तेव्हाची मालक कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या कौटुंबिक गाड्यांतल्या बी-सीरिज कुळातलेच होते. याच कुळातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्याकडच्या ॲम्बेसेडरमध्ये अनेक वर्षे बसत होते, त्यामुळे ॲम्बेसेडरवर हात बसलेल्या मेकॅनिकला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर ओळखीचे काही दिसेल : बिडाचा ब्लॉक, झडपा उघडणारे पुशरॉड आणि रॉकर. बाजूला बहुतेक गाड्यांत पेट्रोल आणि हवा मिसळणारे एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर असतात आणि सगळ्या भागांभोवती हात फिरवायला भरपूर जागा असते.

बॉडीची गोष्ट मात्र इतकी सोपी नाही. आधीच्या एमजीए या गाडीला वेगळी चासी होती आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असे. मुख्य अभियंता सिड एनेव्हर आणि आरेखक डॉन हेटर यांनी एमजीबीसाठी चासीच काढून टाकली व पत्र्याची बॉडीच भार पेलेल अशी रचना केली. उघड्या गाडीला छप्पर नसल्याने पुढच्या आणि मागच्या चाकांमधला ताण मुख्यतः दाराखालच्या लांबट पोकळ पेटीवर, म्हणजे सिलवर येतो. ही पेटी बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधला उभा पडदा अशा थरांची असून तिच्या खालच्या अंगाला कॅसल रेल नावाची पट्टी असते. हिवाळ्यात ब्रिटिश रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ चिखलाबरोबर या पोकळीत शिरते आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग चकचकीत दिसत असतो, आणि आत मधला पडदा उरलेलाही नसतो. अशा गाडीची सिल आधार न देता कापली तर बॉडी मध्यभागी खचते आणि दार पुन्हा नीट लागत नाही, म्हणून आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवी पट्टी वेल्ड करून किंवा बोल्टने आवळून मगच कटर हातात घेतात. घरी एमजीबी बांधणाऱ्याची खरी परीक्षा इंजिनात नसून या पेटीत असते.

हे काम शिकवणारे साहित्यही त्याच काळात तयार झाले. ब्रिटिश हवाई दलात असताना जॉन हेन्स यांनी १९६५ मध्ये येमेनमधल्या एडन येथे एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट सुटी करून पुन्हा जोडताना टप्प्याटप्प्याची छायाचित्रे घेतली आणि त्यांतून १९६६ मध्ये त्यांचे पहिले वर्कशॉप मॅन्युअल निघाले. कंपनीची पुस्तिका प्रशिक्षित कारागिरासाठी असे. हे पुस्तक ज्याच्याकडे चार स्पॅनर आणि एक जॅक एवढेच आहे अशा मालकासाठी होते.

एमजीबी १९८० पर्यंत बनत राहिली आणि तिच्या सर्व प्रकारांच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. त्यांतल्या बहुसंख्य निर्यात झाल्या, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका होते. तिथल्या नियमांमुळेच १९७४ च्या अखेरीपासून क्रोमच्या बंपरऐवजी काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवावी लागली. आज अनेक मालक हे बंपर काढून क्रोमचे लावतात. मला ते पटत नाही, कारण ती उंची आणि ते बंपर हाही त्या गाडीचा खराच इतिहास आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये, ॲबिंग्डनची पन्नास वर्षे साजरी होताच, एमजीची तेव्हाची मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने कारखाना बंद करण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये शेवटची गाडी बाहेर पडली.

सर्वसाधारणपणे यानंतर पत्रे दाबण्याचे साचे भंगारात जातात. एमजीबीचे साचे जिथे जिथे विखुरले होते तिथून ते ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने शोधून काढले, दुरुस्त केले आणि १९८८ मध्ये त्यांवर दाबलेल्या पत्र्यांची संपूर्ण नवी बॉडी विक्रीला आणली. ज्याच्या गाडीचा पत्रा वेल्डिंगच्या पलीकडे गेला आहे त्याला इंजिन, ॲक्सल, वायरिंग आणि काचा काढून नव्या बॉडीत बसवण्याचा मार्ग मोकळा झाला. ही बॉडी इतकी नेमकी ठरली, की तिच्याच आधारावर रोव्हरने १९९२ मध्ये व्ही-८ इंजिनाची आरव्ही८ काढली. सुमारे २,००० गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक जपानला गेल्या. ब्रिटनचा वाहन परवाना विभागही मूळ बॉडीसारखीच नवी बॉडी बसवली तरी जुना नोंदणी क्रमांक कायम राहू देतो.

चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि मुळापासून न बदललेल्या गाड्यांना मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणी सक्तीची नाही. सर्व एमजीबी आता या वयाच्या पुढे गेल्या आहेत. पूर्वी तपासनीस गाडी उचलून सिलखालचा पत्रा ठोकून पाहत असे. तपासणीला गाडी अजूनही स्वेच्छेने नेता येते, पण नेली नाही तर कॅसल रेलवरचा प्रत्येक सांधा शेवटचा पाहणारा माणूस तो वेल्ड करणारा मालकच असतो.