फिल्म ते डिजिटल : सातारा-सांगलीतील छायाचित्रणाचे स्थित्यंतर

फिल्मवर रसायनांनी उमटणाऱ्या चित्राची जागा संवेदकाने नोंदलेल्या आकड्यांनी घेणे, म्हणजे छायाचित्रणातील डिजिटल स्थित्यंतर. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हा बदल मुख्यतः २००० नंतरच्या दशकात घडला. त्याचा क्रम मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी लॅबमधले मशीन बदलले, मग स्टुडिओवाल्याचा कॅमेरा, त्यानंतर अल्बम, आणि शेवटी मोबाइलमुळे स्टुडिओत जाण्याचे कारणच आटले. घरोघरच्या निगेटिव्ह, व्हिडिओ कॅसेट आणि जुन्या सीडी यांचे काय करायचे, हा या बदलाचा उरलेला भाग अजून संपलेला नाही.

तंत्राचा उगम अर्थातच बाहेरचा. विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सीसीडीची, म्हणजे प्रकाशाचे विद्युत संकेत करणाऱ्या संवेदकाची, कल्पना मांडली. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा १०० × १०० पिक्सेलचे एक चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घेई. व्यावसायिकांच्या हाती टिकाऊ डिजिटल कॅमेरा पडला तो १९९९ च्या निकॉन डी-१ पासून, पण त्याची किंमत मोठ्या वृत्तपत्रांनाच झेपणारी होती. जिल्ह्याच्या ठिकाणच्या फोटोग्राफरला हिशेब जमू लागला तो कॅनन ३००डी (२००३) आणि निकॉन डी-७० (२००४) हे सुमारे ६० लाख पिक्सेलचे कॅमेरे आल्यावर.

डार्करूमचा काळ

स्टुडिओचे काम मुख्यतः १२० रोलवर (रुंद फिल्मच्या एका प्रकारावर) चाले. याशिकासारख्या जुळ्या लेन्सच्या कॅमेऱ्यात ६ × ६ सेंमी.चे १२ फोटो निघत. घरगुती वापरात आग्फा क्लिक-३ हाही १२० चाच कॅमेरा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल आणि कागद हा देशी पर्याय होता. पासपोर्ट फोटो ‘अर्जंट’ हवा असला की बाराच्या बारा फोटो संपायची वाट पाहता येत नसे. मग अंधारात कॅमेरा उघडून रोल कापत आणि काढलेला तुकडाच धूत. कापताना एखादी फ्रेम हमखास वाया जाई, आणि ती गिऱ्हाइकाची असू नये म्हणून जाणता फोटोग्राफर मध्ये एक कोरी फ्रेम सोडत असे.

कृष्णधवल रोल धुण्याचे सर्वांत प्रचलित डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण) डी-७६. एक लिटरसाठी मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. कोमट पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेले सल्फाइट, हा क्रम पाळावा लागतो. सगळे सल्फाइट आधी टाकले तर मेटॉल नीट विरघळत नाही, आणि मुळीच न टाकता मेटॉल घातले तर ते हवेने तपकिरी पडते. ठरलेले तापमान २०° से., वेळ फिल्मनुसार ८-९ मिनिटे. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणीच तिशीच्या पुढे असते, म्हणून ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून काम होई. २४° ला वेळ साधारण एक-तृतीयांशाने कमी करावी लागते. त्याहून बरेच तापले तर फिल्मवरचे चित्र धरून ठेवणारे जिलेटिन फुगते, कडेने सुटते आणि निगेटिव्हवर जाळी पडते. ती जाळी कशानेही जात नाही.

डेव्हलपरनंतर चित्र पक्के करणारे हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, लिटरला पाव किलोच्या आसपास. त्यानंतर वाहत्या पाण्यात किमान २०-३० मिनिटे धुणे. आज घराघरांत पिवळे पडलेले जुने फोटो दिसतात, त्यांतले बरेचसे वयामुळे नव्हे तर या शेवटच्या धुण्यात केलेल्या कंजुषीमुळे पिवळे पडले आहेत. पाण्याची टंचाई असलेल्या माण, खटाव, आटपाडी, जत भागात ही कंजुषी समजण्यासारखी होती. विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग हा दुसरा त्रास. शेवटचे बुचकळणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये केले की तो टळतो.

वापरलेल्या हायपोत फिल्मवरची चांदी उतरलेली असते. खानापूर-विटा-आटपाडी हा देशभर सोन्या-चांदीची गलाई (वितळवून शुद्ध करण्याचे काम) करणाऱ्यांचा मुलूख, तेव्हा हायपोचे पाणी गटारात ओतू नये हे इकडे कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

रंगीत रोल आणि मिनीलॅब

रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ प्रक्रिया घरच्या डार्करूमला पेलणारी नव्हती. डेव्हलपर ३७.८° से. ला, वेळ ३ मिनिटे १५ सेकंद, आणि तापमानात पाव अंशाचाही फरक चालत नाही. त्यामुळे सुरुवातीला तालुक्यातून रोल मोठ्या शहरातल्या लॅबला जात आणि आठवड्याने ‘कॉप्या’ येत. नंतर मिनीलॅब (दुकानातच रोल धुऊन छापणारी यंत्रे) आल्या, ३६ चा रोल तासाभरात ४ × ६ इंची ‘मॅक्सी’ आकारात मिळू लागला.

मिनीलॅबचे दुखणे यंत्रात कमी आणि रसायनात जास्त असते. टाकीतले डेव्हलपर जिवंत राहायला रोज ठरावीक रोल त्यातून जावे लागतात, कारण प्रत्येक रोलमागे ताजे द्रावण थोडे-थोडे भरले जाते. रोल कमी झाले की जुने द्रावण टाकीतच हवेने खराब होते. आधी रंग ढळतात, मग सावल्या हिरवट-निळसर दिसू लागतात आणि चेहरे मातकट येतात. लग्नाच्या मोसमात लॅबचे रंग खणखणीत आणि चातुर्मासात तीच लॅब बिघडलेली, याचे कारण हेच. एरवी मोसम आला की गाडी रुळावर येई. डिजिटल कॅमेऱ्यांनी हा बारमाही चातुर्मास आणला. दिवसाला मोजके रोल येऊ लागले की केमिकल फेकून नवे भरणे हा निव्वळ तोटा, आणि न भरावे तर उरलेली गिऱ्हाइकेही तुटतात. मशीन चालू स्थितीत असताना फिल्म धुण्याचा विभाग बंद झाला तो या कात्रीत सापडून. लोडशेडिंगने त्यात भर घातली. धुणे चालू असताना वीज गेली तर रोल डेव्हलपरमध्येच अडकतो, आणि जनरेटर सुरू होईपर्यंत हँडल फिरवून तो पुढे काढावा लागतो. मिनिटभर उशीर झाला तरी वऱ्हाडाचे चेहरे कायमचे बदलतात.

मधला टप्पा सहसा विसरला जातो. फुजी फ्रंटियरसारखी डिजिटल मिनीलॅब फिल्म स्कॅन करून लेसरने कागदावर चित्र टाकत असे, पण कागद तोच जुना, चांदीचे क्षार असलेला, आणि धुणेही रसायनातच. म्हणजे अनेक वर्षे रोलवर काढलेले लग्न डिजिटल छापले जात होते, हे अल्बम पाहणाऱ्याला कळतही नसे.

कॅमेरा बदलला तेव्हा

रोलच्या काळात एका लग्नाला चार-पाच रोल, म्हणजे दीडशे ते पावणेदोनशे फोटो. चूक कळायची ती चार दिवसांनी. सर्वांत वाईट चूक म्हणजे रोल दातऱ्यांवर न चढणे. आकडा पुढे सरकतो, फिल्म जागच्या जागी, आणि अक्षतांपासून पाठवणीपर्यंत एकही फोटो नाही. पुढे रोल ओढताना डावीकडची गुंडाळायची खुंटी फिरते का, हे पाहणे एवढाच त्यावर इलाज. दुसरी चूक फ्लॅशच्या वेगाची. पेंटॅक्स के-१००० मध्ये शटर १/६० सेकंदापेक्षा वेगवान ठेवले की फोटोची एक बाजू काळी.

डिजिटलने या चुका मिटवल्या आणि एक जुनी सवय घातक ठरवली. रंगीत निगेटिव्ह जास्त प्रकाश दोन-तीन स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) सहन करते, कमी प्रकाश सहन करत नाही. म्हणून ‘थोडं जास्तच द्या’ हा मुरलेला सल्ला. संवेदकाचे उलट आहे. पांढरा झालेला भाग गेला तो गेला, अंधारातला भाग मात्र बराच वर काढता येतो. पांढरे फेटे, टोप्या आणि धोतरे सनगनच्या (व्हिडिओसाठी लावायच्या प्रखर दिव्याच्या) उजेडात सपाट पांढरी झालेली पहिल्या काही वर्षांच्या डिजिटल अल्बममध्ये जागोजाग दिसतात. हळदीच्या कार्यक्रमात अडचण आणखी बारीक असते. पिवळ्यात लाल आणि हिरवा हे दोन घटक आधी भरतात, म्हणून एकूण हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाची विभागणी दाखवणारा आलेख) ठीक दिसूनही अंगावरची हळद एकसारखा पिवळा ठिपका होते. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावावा आणि एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप कमी ठेवावे.

सनगनच्या दिव्याचा उजेड सुमारे ३२०० केल्विन (उजेडाच्या रंगाचे माप; आकडा जितका कमी तितका उजेड नारिंगी), तर फिल्म दिवसाच्या उजेडाची. रोलवर मंडप नारिंगी येई. डिजिटलमध्ये व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेऱ्याची जुळणी) बदलता येतो, पण फ्लॅश आणि सनगन एकत्र आले तर एकच आकडा दोघांना पुरत नाही. त्यावर फ्लॅशपुढे नारिंगी पारदर्शक जिलेटिन कागद लावणे हाच स्वस्त उपाय.

लेन्स बदलताना धूळ आत जाणे हे डिजिटलने आणलेले नवे दुखणे. रोलवर प्रत्येक फ्रेमला नवी फिल्म येते, संवेदक मात्र तोच राहतो. कास पठारावर वाऱ्यात लेन्स बदलली की एफ-११, एफ-१६ ला (लेन्सचे छिद्र लहान असताना) आकाशात काळे ठिपके उमटतात. रबरी ब्लोअरने, कॅमेरा खाली तोंड करून, हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा डाग धुळीपेक्षा चिवट असतो.

मेमरी कार्डाच्या बाबतीत दोन नियम पुरेसे आहेत. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे, आणि ‘करप्ट’ दिसले तर त्यावर आणखी एकही फोटो न काढता बाजूला ठेवावे. फोटो बहुधा परत मिळतात, वर नवे लिहिले गेले तर मिळत नाहीत.

छपाईचा हिशेब

चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. ४ × ६ ला १२०० × १८००, म्हणजे जेमतेम २२ लाख पिक्सेल. ८ × १२ ला ८६ लाख. साठ लाख पिक्सेलचे कॅमेरे ८ × १२ इंचाला २५० च्या घरात पोहोचत, म्हणून लग्नाला चालून गेले. पुढे १२ × ३६ इंची उघडणारा करिझ्मा अल्बम (फोटो संगणकावर जुळवून थेट पानांवर छापलेला) आला आणि फोटोग्राफरचे निम्मे काम फोटोशॉपमध्ये गेले. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला याच्या पाव पिक्सेलही पुरतात, कारण तो दुरून पाहायचा असतो.

भिंतीवर हार घालायचा मोठा फोटो करायला लोक आता व्हॉट्सॲपवर आलेली प्रत आणतात. साधी पाठवलेली प्रत बहुतेकदा लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास आकसलेली असते. ४ × ६ ला ती चालते, ८ × १२ ला इंचाला १३३ पिक्सेल उरतात आणि डोळे-पापण्या विरघळतात. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी.

जुन्या निगेटिव्ह

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर आटपाडी-माणमध्ये पाचशेच्या आसपास. एकाच वयाच्या निगेटिव्ह पश्चिमेकडे बुरशीने खाल्लेल्या आणि पूर्वेकडे धुळीने ओरखडलेल्या सापडतात, त्या याच कारणाने. बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने धुऊ नये. बुरशीने जिलेटिन पाण्यात विरघळणारे झालेले असते, चित्रच वाहून जाईल. आधी कोरडी होऊ द्यावी, मग जवळपास निर्जल आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ कापडावर हलके टिपावी.

स्कॅन करताना ३५ मिमी. फ्रेमला २४०० डीपीआय (इंचाला २४०० ठिपके) ठेवले तर सुमारे ७७ लाख पिक्सेल मिळतात, घरगुती कामाला पुरेसे. काही स्कॅनरमध्ये अवरक्त किरणांनी धूळ ओळखून काढण्याची सोय असते. ती रंगीत फिल्मला उत्तम, पण कृष्णधवलला बंद ठेवावी, कारण चांदी त्या किरणांना अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते. स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकून देणे हा मात्र शुद्ध अविचार आहे.

पुरानंतर

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि तळमजल्यावरच्या कपाटांतले अल्बम, निगेटिव्ह आणि हार्ड डिस्क एकदमच बुडाल्या. अशा वेळी होणारी मोठी चूक म्हणजे ओला अल्बम उन्हात ठेवणे. फोटो एकमेकांना आणि प्लॅस्टिकला चिकटून वाळले की सोडवताना चित्र सुटून येते. ओले असतानाच ते स्वच्छ थंड पाण्यात घालावेत, गाळ निघेपर्यंत पाणी बदलावे आणि एकेक सोडवून सावलीत, चित्राची बाजू वर करून वाळवावेत. दोन दिवसांत उरकणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत. लॅबमधले चांदीच्या कागदावरचे फोटो हे सहन करतात. घरच्या इंकजेटवर काढलेल्यांचा रंग मात्र पाण्याबरोबर जातो.

बुडालेली हार्ड डिस्क सुरू करून पाहू नये. आत गाळाचा कण असेल तर फिरत्या तबकडीवर ओरखडा पडतो आणि मग डेटा परत मिळवणाऱ्याच्याही हातात काही उरत नाही.

कॅसेट आणि एक्स-रे

लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशीच लावली तर व्हीसीआरचे हेड घाण होते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. नवे व्हीसीआर मिळत नाहीत. शेवटचे उत्पादन करणाऱ्या जपानच्या फुनाईने २०१६ मध्ये ते थांबवले. मिनीडीव्ही (छोटी डिजिटल व्हिडिओ) कॅसेट फायरवायरने, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या केबलने, उतरवली तर तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते आणि वेळही तासाचा तासच. २००० नंतर घरी ‘बर्न’ केलेल्या सीडी सर्वांत बेभरवशाच्या, त्यांच्यातला रंगद्रव्याचा थर उष्णतेने उडतो. त्या आधी उतरवून घ्याव्यात.

हाच बदल मिरजेच्या दवाखान्यांतही झाला. ओल्या फिल्मच्या एक्स-रेची जागा आधी फॉस्फर प्लेटने (स्कॅन करून वाचायच्या, पुन्हा वापरता येणाऱ्या पाटीने) आणि मग थेट डिजिटल संवेदकाने घेतली. जुन्या एक्स-रे फिल्म भंगारात गेल्या त्या त्यांच्यातल्या चांदीसाठी.

फिल्म आज हौसेपुरती उरली आहे. कृष्णधवल रोल घरी धुता येतो, वर दिलेल्या मात्रा आजही तशाच लागू पडतात. रंगीत रोल कुरिअरने मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवावा लागतो. पाठवण्याआधी तो हवाबंद डबीत घालावा आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. काढलेला पण न धुतलेला रोल उष्णतेने सर्वांत लवकर खराब होतो.