शिखर न झिजवता: वर्णपटातला नॉईज कमी करण्याची गोष्ट

रामन परिणाम १९२८मध्ये कोलकात्यात सापडला, तेव्हाच त्याची अडचणही समोर आली. पदार्थावर पडलेल्या प्रकाशाच्या दहा लाख, कधी कोटी कणांतला एखादाच रंग बदलून बाहेर पडतो. इतका मंद उजेड टिपायचा म्हणजे फोटोची काच तासन्‌तास उघडी ठेवावी लागे. नॉईजवरचा, म्हणजे खऱ्या खुणेत मिसळणाऱ्या थरथरीवरचा, सर्वांत जुना उपाय तोच, साठवत राहायचं. खरी रेषा दर वेळी त्याच जागी पडते आणि ठळक होत जाते. नॉईज कधी वर, कधी खाली असतो, त्यामुळे तो आपसात फिटतो. पण हा सौदा महागात पडतो. चार स्कॅनची सरासरी घेतली तर नॉईज निम्मा होतो. दहापट कमी करायचा तर शंभर स्कॅन हवेत. तोवर नमुना लेझरखाली करपला, तर सगळी मेहनत पाण्यात.

पुढे इन्फ्रारेड यंत्रं आली. त्यांचं पेन सरकत्या कागदावर वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला प्रकाश किती त्याचा आलेख, काढायचं. पेनची थरथर कमी करायला सर्किट संथ केलं, की रेघ शांत व्हायची, पण पेन मागे रेंगाळायचं आणि पीक, म्हणजे आलेखातलं शिखर, स्वतःच्या जागेवरून थोडं पुढे सरकायचं. मग अनुभवी माणूस पेन्सिल घेऊन थरथरत्या रेघेच्या मधून नजरेच्या अंदाजाने वळण काढी.

आकडे संगणकात जाऊ लागल्यावर हीच नजर गणितात बसवायची वेळ आली. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या पर्किन-एल्मर कंपनीत काम करणारे अब्राहम सावित्झ्की आणि मार्सेल गोले यांनी १९६४मध्ये ‘अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. गोले हा माणूस मला फार आवडतो. इन्फ्रारेड टिपणारा गोले सेल त्यांचा, आणि संदेशातल्या चुका दुरुस्त करणारा १९४९चा गोले कोडही त्यांचाच. व्हॉयेजर यानांनी गुरू-शनीची रंगीत चित्रं पाठवली, ती या कोडच्या आधाराने.

त्यांची युक्ती हातानेसुद्धा करून पाहता येते. समजा, पिकाभोवतीचे पाच आकडे १०, १४, २०, १४, १० आहेत. साधी सरासरी १३.६ येते, म्हणजे २० उंचीचं पीक पार बसतं. सावित्झ्की-गोले त्या पाच बिंदूंमधून सर्वांत जवळचा पॅराबोला (कमानीसारखं वळण) नेतात आणि मधल्या बिंदूवरची त्याची उंची घेतात. दर बिंदूला नवा पॅराबोला मांडत बसायची गरज नाही. आकड्यांना क्रमाने -३, १२, १७, १२, -३ ने गुणा, बेरीज करा, ३५ ने भागा. उत्तर येतं १७.६. पीक बरंचसं टिकलं! याचा मोबदला द्यावा लागतोच. साध्या सरासरीने नॉईज ४५ टक्क्यांवर येतो, या पद्धतीने सुमारे ७० टक्क्यांवर. तरीही रसायनशास्त्रज्ञाला पिकाच्या उंचीवरूनच पदार्थ किती आहे ते काढायचं असतं, म्हणून हा सौदा मला रास्त वाटतो. शिवाय त्याच रीतीने थेट डेरिव्हेटिव्हही (रेघेचा चढ-उतार किती वेगाने बदलतो ते) मिळतो, आणि एकमेकांत मिसळलेली पिकं वेगळी ओळखायला तो फार कामी येतो.

लेखातल्या गुणकांच्या तक्त्यांमध्ये काही चुका राहिल्या होत्या. १९७२मध्ये स्टाइनिए, तेर्मोनिया आणि देलतूर यांनी त्या त्याच नियतकालिकात दुरुस्त केल्या. मधल्या आठ वर्षांत चुकीचा रकाना जसाच्या तसा उतरवून घेणाऱ्यांची मला काळजी वाटते, कारण गुळगुळीत रेघेत अशी चूक डोळ्यांना दिसतच नाही. म्हणूनच मूळ, थरथरती रेघ जपून ठेवावी, असं मी आग्रहाने सांगते. खिडकी, म्हणजे एका वेळी घेतलेल्या बिंदूंचा पट्टा, पिकाच्या रुंदीपेक्षा मोठी घेतली, तर ही पद्धतही पीक खाते आणि बाजूला खोटे खड्डे पाडते. कॉस्मिक किरणाने डिटेक्टरवर उमटवलेला सुईसारखा उंच काटा तिला पुसता येत नाही. तो शेजारी पसरतो. तिथे आधी मीडियन फिल्टर, म्हणजे शेजारच्या आकड्यांतला क्रमाने मधला आकडा घेणारी रीत, लावावा लागतो.

या कल्पनेची मुळं मात्र प्रयोगशाळेबाहेरची आहेत. आयुर्विमावाल्यांना वयानुसार मृत्यूचे आकडे गुळगुळीत करायचे असत. त्यासाठी जॉन स्पेन्सर यांनी १९०४मध्ये १५ आणि २१ बिंदूंची सूत्रं दिली. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला एडिंबरोच्या एडमंड व्हिटेकर यांनी वेगळी वाट धरली: वळण आकड्यांच्या जवळही राहिलं पाहिजे आणि फार खडबडीतही होता कामा नये, या दोन मागण्यांचा तोल एकाच आकड्याने साधायचा. तीच कल्पना २००३मध्ये पॉल आयलर्स यांनी वर्णपटांसाठी पुन्हा पुढे आणली, आणि छापली तीही ‘अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री’तच.