जीआयसीचं व्याज आणि पेपर ट्रस्टचं डिस्ट्रिब्युशन, दोन्ही महिन्याला खात्यात येतं म्हणून एकच नाही

२००५-०६ मध्ये इकडे टोरांटोत आपल्या मंडळींचं जेवण असलं की एकजण तरी म्हणायचाच, "बँकेपेक्षा ट्रस्ट कितीतरी जास्त व्याज देतो." ट्रस्ट म्हणजे इथे वर्तमानपत्रांच्या धंद्यात पैसे घालणारा, लोकांना शेअरसारखे 'युनिट' विकणारा फंड, आणि तो युनिटवाल्यांना वाटतो ते डिस्ट्रिब्युशन. त्या वाक्यातला 'व्याज' हा शब्दच चुकीचा आहे आणि त्याच्यापायी लोकांचे खरे पैसे गेलेत म्हणून लिहितोय.

जीआयसी म्हणजे कॅनडातली आपली एफडी. दर ठरलेला, मुदत ठरलेली, शेवटी मुद्दल परत, आणि १ लाख डॉलरपर्यंत विमा.

ट्रस्टचं गणित वेगळंच. वर ट्रस्ट, खाली पेपर काढणारी कंपनी. तेव्हा ट्रस्ट त्या कंपनीला कर्जही द्यायचा आणि तिची मालकीही घ्यायचा, कंपनी कर्जावर व्याज भरायची म्हणून तिचा नफा कमी दिसायचा आणि टॅक्स कमी लागायचा, मग ट्रस्ट हातात येईल ते जवळपास सगळं युनिटवाल्यांना वाटून टाकायचा आणि त्यावरचा टॅक्स आपण भरायचो. पण किती वाटायचं हे विश्वस्त ठरवतात. धंदा बसला तर रक्कम कमी होते, बंदही होते, आणि मुद्दल परत द्यायची तारीख कुठेच लिहिलेली नसते.

पेपर या रचनेत छान बसायचे. एफपी कॅनेडियन न्यूजपेपर्सचा फंड २००२ मध्ये आला, त्याच्याकडे विनिपेग फ्री प्रेस आणि ब्रॅंडन सन काढणाऱ्या धंद्याचा ४९ टक्के हिस्सा. २००४ मध्ये ऑन्टारियोतल्या छोट्या शहरांच्या पेपरांचा ओस्प्रे, ऑक्टोबर २००५ मध्ये १० डॉलरला युनिट विकणारा, कॅनवेस्ट या मोठ्या माध्यम कंपनीचा फंड. छापखाना आधीच उभा, वर्गणी आगाऊ जमा, छोट्या जाहिरातींचा पैसा रोजचा. दुभती गाय. फक्त त्याच काळात घर भाड्याने, गाडी विकणे असल्या जाहिराती क्रेगलिस्ट आणि किजिजी या वेबसाइटांवर फुकट जायला लागल्या होत्या, आणि कागद, पगार, वाटप हे खर्च तर तसेच. गाय आटत चालली होती आणि आपण रोजचं दूध मोजत बसलो होतो.

वर्ष संपल्यावर ट्रस्टकडून टॅक्ससाठीची टी-३ स्लिप येते, ती नीट बघा. बॉक्स २६ मध्ये उत्पन्न, बॉक्स ४२ मध्ये तुमचीच मुद्दल परत दिल्यासारखी रक्कम. समजा १० डॉलरच्या युनिटवर वर्षाला ९० सेंट आले आणि त्यातले ४० बॉक्स ४२ मधले, तर टॅक्सच्या हिशोबात कमाई ५० सेंट आणि तुमची खरेदी किंमत उतरून ९.६० डॉलर. बॉक्स ४२ म्हणजे दरवेळी वाईटच असं नाही, घसाऱ्यामुळेही ती रक्कम येते. पण धंदाच वर्षागणिक छोटा होत असेल तर मला ते आपलंच ताट आपल्यालाच वाढल्यासारखं वाटतं. जीआयसीच्या स्लिपवर असला बॉक्स नसतो.

मग ३१ ऑक्टोबर २००६ ला कॅनडाचे तेव्हाचे अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टींनी ट्रस्टवर टॅक्स जाहीर केला, जुन्यांना २०११ पर्यंत सूट देऊन, आणि दुसऱ्या दिवशी बाजार कोसळला. लोक अजून सगळा दोष त्यांनाच देतात. मला ते अर्धंच पटतं, टॅक्स नसता आला तरी पेपरच्या जाहिराती काही परत येणार नव्हत्या. २००७ मध्ये कॅनवेस्टने युनिट ९ डॉलरला परत घेतले तेव्हा फसवलं म्हणून ओरड झाली, पण २००९ मध्ये कॅनवेस्टची मूळ कंपनी कर्ज देणाऱ्यांपासून संरक्षण मागायला कोर्टात गेली आणि २०१० मध्ये तिचे पेपर पोस्टमीडियाकडे गेले. नऊ डॉलर मिळालेले लोक खरं तर सुटले.

परवा पुण्याहून भावाने त्याच्या इनविटच्या (रस्ते, वीजवाहिन्या असल्या प्रकल्पांचा भारतातला असाच ट्रस्ट) स्टेटमेंटचा फोटो पाठवला, "दादा, व्याज बघ किती मस्त आलंय." त्यात तीन ओळी होत्या, व्याज, डिव्हिडंड आणि कर्जाची परतफेड. मी तिसऱ्या ओळीवर गोल करून फोटो त्याला परत पाठवला आणि म्हटलं, ही रक्कम वजा कर आणि मग टक्केवारी काढ.