कोंडा स्वस्त आहे हो, पण माशाला पचतो का?

मत्स्यशेतीत पैसा कुठे जातो तर खाद्यात, एकूण खर्चाचा निम्मा नाहीतर त्याहून जास्त वाटा एकट्या फीडचा. आणि त्यात महाग पडतं ते फिशमील, म्हणजे समुद्रातले छोटे मासे शिजवून, वाळवून केलेली पूड, तिच्यात 60-70 टक्के प्रोटीन असतं. (मासे वाढवायला आधी मासेच पकडायचे, काय म्हणायचं याला!) मग साहजिकच वाटतं की शेतात एवढं तूस, पेंढा, कोंडा, पाला पडलेला असतो, तोच दळून का नाही घालायचा?

घाला की, पण किलोचा भाव बघून खूश होऊ नका. समजा नवं खाद्य 20 टक्क्यांनी स्वस्त पडलं, पण एक किलो मासा वाढायला आधी दीड किलो खाद्य लागायचं तिथे आता दोन किलो लागायला लागलं, तर हिशेब करून बघा, खर्च उलट वाढलाच. आणि न पचलेलं सगळं तळ्यात जातं ते वेगळंच.

गोची होते ती सेल्युलोज आणि लिग्निनमुळे, म्हणजे झाडाला ताठ ठेवणाऱ्या कडक, तंतुमय भागामुळे. गाय-म्हैस पेंढा खाऊन जगते ते पोटातल्या जंतूंच्या जिवावर, माशाकडे तशी सोय नाही, कार्प जातीच्या माशांना तर जठरच नसतं, नुसतं लांब आतडं. त्यात कोंड्यातलं बरंचसं फॉस्फरस फायटिक अ‍ॅसिडमध्ये (दाण्यात फॉस्फरस साठवणारा पदार्थ) अडकलेलं असतं, मासा ते सोडवून घेऊ शकत नाही, ते तसंच पाण्यात उतरतं आणि तळं शेवाळाने हिरवंगार.

यावर उपाय म्हणजे माशाच्या आधी बुरशीला जेवू घालायचं, म्हणजेच फर्मेंटेशन. कोंडा वाफवून घ्यायचा, ओला इतकाच ठेवायचा की मुठीत दाबला तर गोळा होईल पण पाणी गळणार नाही, मग त्यात अ‍ॅस्परजिलस ओरायझीसारखी बुरशी मिसळायची. दोन-तीन दिवसांत पांढरे तंतू पसरतात, ढीग हाताला गरम लागतो. बुरशी स्वतःची एन्झाइम्स सोडून तंतुमय भाग तोडते, फायटिक अ‍ॅसिड फोडते आणि त्याच मालावर स्वतःचं प्रोटीन बनवते. लिग्निन मात्र तिलाही फारसं जमत नाही, म्हणून कोंड्याला जे जमतं ते तुसाला जमेलच असं नाही.

आता बुरशी म्हटली की कुठलीही चालत नाही. 1960 च्या सुमारास अमेरिकेतल्या हॅचरींमध्ये (माशांची पिल्लं वाढवायची केंद्रं) रेनबो ट्राउट माशांना लिव्हरचे ट्यूमर व्हायला लागले, शोध घेतल्यावर बोट गेलं खाद्यातल्या सरकीच्या पेंडीकडे, तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष होतं. ते बनवणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही वरच्या बुरशीची अगदी सख्खी बहीणच म्हणा ना! त्यामुळे ओलसर पोत्यात आपोआप धरलेली बुरशी म्हणजे फर्मेंटेशन असं कुणी समजू नये.

एवढं करूनही फिशमील पूर्ण काढता येत नाही, कारण धान्याच्या कोंड्यात लायसिन आणि मेथिओनिन ही प्रोटीन बांधणारी अमिनो अ‍ॅसिडं कमी पडतात, ती वरून द्यावी लागतात नाहीतर थोडं फिशमील ठेवावं लागतं. शाकाहाराकडे झुकणाऱ्या कार्प, तिलापियाला बऱ्यापैकी चालून जातं, सॅमन-ट्राउट मात्र मांसाहारी, तिथे हात आखडताच घ्यावा लागतो.

आणि हो, तंतू जास्त झाले की पेलेट, म्हणजे खाद्याची गोळी, नीट बांधली जात नाही. दोन-चार पेलेट ग्लासभर पाण्यात टाका, माशाने तोंड लावायच्या आधीच भुगा झाला तर ते खाद्य माशाचं नाही, शेवाळाचं.