चांदीच्या कातडीखालचं तांबं

पॉम्पेईतल्या एका मद्याच्या दुकानाच्या भिंतीवर भाव लिहिलेले सापडले: 'आस' नावाच्या एका रोमन नाण्याला साधी वाइन, दोनला त्याहून बरी, चारला उंची फालेर्नियन. 16 आस म्हणजे चांदीचा एक देनारियस. रोमचा सम्राट ऑगस्टसच्या काळात पायदळातल्या शिपायाला वर्षाला 225 देनारियस मिळत, त्यातूनही अन्न-कपड्याचे पैसे कापले जात.

रोममध्ये नाण्यांवर देव किंवा पूर्वज असायचे. जिवंत माणसाची छबी अवतरली ती इ.स.पू. 44 मध्ये, ज्युलियस सीझरची. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचा खून झाला. मारेकऱ्यांपैकी ब्रूटसनं पुढे आपल्या नाण्याच्या एका बाजूला दोन खंजीर कोरवले. दुसऱ्या बाजूला कोण? तो स्वतःच! मोह कोणाला सुटलाय.

खरी लबाडी मात्र धातूत होती. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोनं देनारियसचं वजन घटवलं आणि चांदीत तांबं वाढवलं. तरी नाणं दिसायला पांढरंशुभ्र. कसं? मिश्रधातूची चकती तापवली की वरच्या थरातलं तांबं ऑक्सिजनशी संयोग पावून काळं पडतं. मग चकती सौम्य आम्लात टाकायची. काळा थर विरघळतो, चांदी तशीच उरते. त्यावर ठसा ठेवून हातोड्याचा घाव घातला की ही सच्छिद्र चांदी दाबली जाऊन चकाकते. वरून कीर्तन, आतून तमाशा.

या कातडीनं संशोधकांनाही चकवलं. पृष्ठभाग तपासून नीरोची चांदी 90 टक्क्यांच्या वर मोजली गेली होती. पुढे नाण्याच्या कडेला बारीक भोक पाडून गाभ्यातला कीस तपासला, तेव्हा इ.स. 64 च्या बदलानंतरच्या नाण्यांत ती 80 टक्क्यांच्या आसपासच निघाली. तिसऱ्या शतकात क्लॉडियस दुसरा गादीवर असताना तर 'चांदीच्या' नाण्यात चांदी पाच टक्केही उरली नव्हती.

मिऱ्यांच्या व्यापारातून ही नाणी दक्षिण भारतात आली. तिथल्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे देनारियस भरघोस आहेत, नीरोचे हिणकस देनारियस फार थोडे. इथले व्यापारी कस पाहूनच नाणं घेत असावेत. सोन्याच्या काही नाण्यांवर तर सम्राटाच्या तोंडावरूनच छिन्नीचा घाव घातलेला आहे.